नाखव्यांचा सरकारी पाय

आमच्या खिडकीत लोक कार्ड ठेवत, केसपेपर ठेवत, क्वचित कुणी रडणारं पोरगं टेकवून ठेवी. नाखव्यांनी पाय ठेवला. गुडघ्याखालचा अख्खा पाय, मोज्यासकट, बुटासकट. माझ्या हातातला चहा निम्मा बशीत आणि निम्मा साडीवर गेला. समोर एका कुबडीवर तोल सावरत उभा असलेला काळासावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस शांतपणे म्हणाला, "घाबरू नको बाय. मी बरा हाय. पाय आजारी हाय."

मी तेव्हा पनवेलला कामगार विम्याच्या दवाखान्यात कारकून होते. एक खिडकी, एक पंखा आणि मी. या तिघांत आवाज कुणाचा जास्त, यावर आमचे डॉक्टर वर्षभर विनोद करत. मी डोळे वटारून म्हटलं, "अहो, हे काय? पेशंटला घेऊन यायचं असतं." त्यांनी पायाकडे बोट दाखवलं. "आनलाय की. ह्यो काय बसलाय." मागची रांग फिदीफिदी हसली. मला मात्र हसू आलं ते घरी जाऊन साडी बदलताना, आणि मग कितीतरी वेळ थांबेना.

नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि तिचा कप्तानही. त्यांचं खरं नाव आमच्या कार्डावर होतं, पण ते मी सोडून कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही, आणि मीही लवकरच सोडून दिलं. उरणच्या बाजूला खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्यांचं घर. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. घरात ते आणि सुगंधाबाई. खाडीत भराव पडत गेला, मासळी आत यायची थांबली, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला लागले. ज्या माणसाच्या नखाला वादळात कधी धक्का लागला नव्हता, त्याचा पाय एका दुपारी, स्वच्छ उन्हात, मागे येणाऱ्या ट्रेलरखाली गेला. "पान्यात कवा पडलो नाय. कोरड्या जमिनीनं घात केला," असं ते सांगायचे, आणि सांगताना फरशीकडे असं रागाने बघायचे की मला उगाच पाय आखडून घ्यावेसे वाटत.

विम्यातून त्यांना नवा पाय मिळाला. तो बिघडला तर दुरुस्तीही विम्यातूनच. त्यासाठी दर मंगळवारी मुंबईहून सामंत नावाचे तंत्रज्ञ आमच्याकडे येत. पाय तपासायचे, कागदावर शेरा मारायचे आणि दुरुस्तीला मुंबईच्या कारखान्यात घेऊन जायचे. सामंत म्हणजे इस्त्रीचा माणूस. कपड्यांना इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. त्यांनी नाखव्यांचा पाय पहिल्यांदा हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि झटकन लांब धरला. "याला वास कसला येतोय?"

"तेल लावलंय," नाखवा अभिमानाने म्हणाले.

"कसलं तेल?"

"माशाचा."

तर झालं होतं असं की होडीच्या लाकडाला पूर्वापार माशाचं तेल चोळतात. त्याने लाकूड पाणी धरत नाही. नाखव्यांनी आपल्या नव्या पायालाही दर अमावास्येला तेच तेल चोळलं होतं, मनापासून, बोटांच्या फटीत घालून. सामंत म्हणाले, "अहो, हा लाकडाचा नाही, फायबरचा आहे. आणि पाऊल रबराचं. तेलाने रबर फुगलंय." नाखवा किंचित विचारात पडले आणि म्हणाले, "मंग खोबऱ्याचा लावू?"

तेलाचा परिणाम पायावर झाला तो झालाच, पण आमच्या दवाखान्याच्या मांजरीवर फार झाला. एरवी औषधांच्या खोक्यावर लोळणारी ती महाराणी नाखवा आले की उठायची, त्यांच्या बाकाखाली जायची आणि डाव्या पायाला अंग घासत बसायची. उजव्या, खऱ्या पायाकडे ढुंकून बघायची नाही. नाखवा म्हणायचे, "बग बाय, मांजरीला बी सरकारी पाय आवडतो."

पाय दुरुस्तीला न्यायचा म्हणजे तो सोडून जावा लागे. पहिल्या वेळी तो सामंतांच्या पिशवीत गेला तेव्हा नाखव्यांनी मुलीच्या पाठवणीला करावा तसा चेहरा केला. आम्ही दुसरी कुबडी दिली. दोन्ही काखेत घेऊन ते म्हणाले, "आता वल्ही मारीत जातो घरी." आणि खरंच, फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांची लय वल्ही मारणाऱ्याचीच होती. पण ते गेल्यावर मला बरं वाटेना. उरणची एसटी, त्यात कंटेनरची रांग लागली की पळस्प्याच्या फाट्यापासून पुढे चाक हलायचं नाही. त्यात हा एकपायी म्हातारा.

मग फोन सुरू झाले. सकाळी खिडकी उघडली की पहिला फोन त्यांचा. "बाय, पाय कसा हाय?" जसा काही सासरा ॲडमिट आहे! सुरुवातीला मी चिडायचे. मग मीही त्यातली झाले. "रात्री जरा ताप होता, आता बरा आहे," मी सांगायचे. "जेवला काय?" ते विचारायचे. "पेज घेतली थोडी." डॉक्टर आतून ओरडायचे, "अहो बाई, कुणाला पेज देताय? मी काही लिहून दिलेली नाही!"

पण चेष्टेच्या मागे त्यांचं एक वाक्य असायचं, ते त्यांनी कधी हसून म्हटलं नाही. "लाकूड सुकला का फट पडते, बाय. मला सुकवू नका." होडी फार दिवस किनाऱ्यावर पडून राहिली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात, पुन्हा पाण्यात घातली की पाणी घेते. नाखव्यांना तेच भय होतं. पाय असला की ते पहाटे सुगंधाबाईंबरोबर बंदरावर जात, लिलावात उभे राहून विक्रीसाठी मासळी निवडत. मासळी ताजी की कालची हे सुगंधाबाईंना त्यांच्याइतकंच कळत असणार, पण निवडायचं काम त्यांचं आणि विकायचं बाईंचं, अशी वाटणी लग्नापासूनची. पाय नसला की त्या एकट्या जात आणि नाखवा ओटीवर बसून राहत. "येणारे-जाणारे इचारतात, नाखवा बरा हाय ना? म्हंजी मी बरा दिसत नाय," ते म्हणाले होते.

माझ्यावर त्यांचा जीव होता आणि तो दाखवण्याची त्यांची पद्धत म्हणजे मला हिणवणं. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांना माझ्याबद्दल जी दया आली ती शेवटपर्यंत कमी झाली नाही. "तुमी पाला खानारी मानसं. म्हनून आवाज मोठा आनि अंगात जोर नाय." दुसऱ्या कुणा बाईसाठी ते सुकट आणायचे, सोडे आणायचे, माझ्यासाठी नारळी पौर्णिमेनंतर एक नारळ. खिडकीत ठेवताना म्हणायचे, "घे. दर्याला दिला त्याचा भाऊ हाय." मी म्हणायचे, "दर्याला सोन्याचा आणि मला साधा?" तर म्हणायचे, "दर्या माजा पाय अडवून धरत नाय."

पाय मी अडवत नव्हते, नियम अडवायचे. पण नियमांचं तोंड खिडकीत माझंच होतं.

मग ते वर्ष आलं. श्रावण संपत आला होता. मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यात गेल्या होत्या, मासळी येऊ लागली होती, सुगंधाबाईंच्या धंद्याचे हेच दिवस. आणि नेमका तेव्हाच नाखव्यांच्या पायाला घोट्याशी तडा गेला. मंगळवारी ते आले. या वेळी पाय खिडकीत ठेवला नाही, कापडात गुंडाळून छातीशी धरला होता. सामंतांनी कापड सोडलं आणि आम्ही सगळे नुसते बघत राहिलो.

पाय निळा होता. गडद, चकचकीत, समुद्री निळा. वरच्या काठाला लाल पट्टा, त्याखाली पिवळी रेघ. आणि नडगीवर, पुढच्या बाजूला, पांढऱ्या ठळक वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: सुगंधा.

"पौर्निमेला सगल्या होड्या रंगवल्या," नाखवा म्हणाले. "पेंटर आलाच व्हता. मी म्हटला, हिला बी मार एक हात." मग म्हणाले, "तो इचारला, नाव काय घालू? होडीला नाव नाय तर ती कोनाची?"

विकलेल्या होडीचं नाव तेच होतं. लग्नानंतर बांधलेली होडी, तिला बायकोचं नाव.

रांगेतल्या लोकांनी माना पुढे काढून पाय बघितला. एकजण म्हणाला, "झकास!" मीही मनात तेच म्हटलं. सामंतांनी मात्र पाय उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला आणि विचारलं, "नंबर कुठे आहे?"

विम्यातून दिलेल्या प्रत्येक पायावर नंबर कोरलेला असे. तो जुळला तरच पाय आमचा, तरच दुरुस्ती. होडीचं नाव जसं पुढच्या टोकाला, नाळेवर, समोरून येणाऱ्याला दिसेल असं घालतात, तसंच पेंटरने पायाचं नाव समोर घातलं होतं. नंबरही तिथेच होता. आणि रंग एका हाताचा नव्हता. आधी होडीला मारतात तसला लेप, वर रंग, वर नाव. नंबर त्याखाली गाडला गेला होता.

"हा पाय नाखव्यांचाच आहे, मी ओळखते," मी म्हटलं.

"बाई, मीही ओळखतो," सामंत म्हणाले. "वासाने ओळखतो. पण कारखान्यात मला नंबर दाखवावा लागतो. नाव खरवडून काढा, नंबर दिसू दे, आत्ता घेऊन जातो."

प्रश्न सुटला असं मला वाटलं. ब्लेड आणायला मी उठलेसुद्धा. नाखव्यांनी पाय ओढून घेतला आणि पोटाशी धरला. "नाय," ते म्हणाले. "नाव नाय खरवडायचा."

"अहो, परत घाला की रंगवून!"

"नाय."

मी आवाज चढवला, समजावलं, पुन्हा चढवला. शेवटी ते हळू आवाजात बोलले, आणि त्या माणसाला हळू आवाज आहे हे मला पहिल्यांदा कळलं. "होडी विकली, तवा घेनारा आला. माज्या म्होरंच त्यानं पत्रा घेतला नि नाव खरवडला. आमच्यात नाव खरवडला म्हंजी संपली ती होडी. परत तिला आपली म्हनायची नाय. मी काठावं बसून बगत व्हतो. एक एक अक्षर गेला. त्या दिवशी मी घरी जाऊन सुगंधाच्या तोंडाकडं बगू शकलो नाय. आता पुन्यांदा नाय खरवडनार. पाय गेला तरी चालंल."

सामंत घड्याळ बघत होते. त्यांची गाडी निघायची होती. या मंगळवारी पाय गेला नाही तर पुढच्या आठवड्यावर, तेव्हाही नाव तसंच असेल तर कधीच नाही. मासळीचा हंगाम भरात आणि नाखवा ओटीवर. सुकणार हा माणूस, मला दिसत होतं. मला भयंकर राग आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी मांजरीला हाकललं.

तेवढ्यात फाटकातून सुगंधाबाई आल्या. त्या दिवशी पनवेलच्या बाजारात माल घेऊन आल्या होत्या आणि विकून झाल्यावर नवऱ्याला घेऊन परत जायचं असं ठरलं होतं. डोक्यावर रिकामी पाटी, कासोट्याचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, आणि आवाज असा की माझा आवाज त्यापुढे नर्सरीतला.

"काय झाला? मेल्यासारकी कशाला बसल्यात सगली?"

मी सांगितलं. सामंतांनी सांगितलं. नाखवा भिंतीकडे बघत होते. सुगंधाबाईंनी पाटी खाली ठेवली, नवऱ्याच्या पोटाशी धरलेल्या पायाकडे नीट वाकून बघितलं आणि नावावर बोट ठेवलं.

"मला लिवता-वाचता येत नाय, बाय," त्या मला म्हणाल्या. "पन येवढा येक येतंय. होडीवर बगून बगून." मग नवऱ्याकडे वळल्या. "द्या हिकडं."

"नाय."

"द्या म्हनते ना!"

त्यांनी पाटीतून मासे साफ करायची कोयती काढली, पदराने पुसली आणि बाकावर बसून पाय मांडीवर आडवा घेतला. नाखव्यांनी डोळे मिटले. "होडी गेली तवा नाव खरवडला," त्या घासत घासत बोलत होत्या, निळे-पांढरे कपटे लुगड्यावर पडत होते, "तर तुमी म्हैनाभर माज्याशी बोलला नाय. मला वाटला, मीच काय केला? अवो, नाव गेला म्हनून मी गेली काय? मी हाय ना जित्ती! पहाटचं कोन उठवतंय तुमाला, नाव का मी? मला बंदरावर एकटीला धाडून हितं नावाला कवटाळून बसनार! लाज नाय वाटत?"

लेप जाड होता, त्यांचा हात थांबला नाही. मग खालून एक आकडा डोकावला आणि रांगेतल्या एकाने न राहवून मोठ्याने वाचला, "सात!" मग दुसरा आकडा वर आला. "चार!" लॉटरी फुटावी तसे सगळे गोळा झाले. शेवटचा आकडा निघाला तेव्हा सामंतांनी कागदाशी ताडून पाहिला, मान हलवली आणि त्या इस्त्रीच्या माणसाने सुगंधाबाईंना चक्क हात जोडले.

नाखव्यांनी डोळे उघडले. पायाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग म्हणाले, "रंग लय भारीतला व्हता."

"रंगाच्या आयला," सुगंधाबाई म्हणाल्या आणि पाटी डोक्यावर घेतली.

पाय दुरुस्त होऊन आला. नाखवा पुन्हा बंदरावर उभे राहू लागले. पुढची सगळी वर्षं पाय पौर्णिमेला रंगत राहिला, पण नडगीवर नंबरापुरती चौकट कोरी सोडून. "खिडकी ठेवलीय, तुज्यासारकी," ते मला म्हणाले. नाव मात्र त्यावर पुन्हा कधी दिसलं नाही. मी विचारलं नाही. फक्त त्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा आले तेव्हा सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं होतं, "बाय, ह्या पायाची आतली बाजू कोन तपासतो?" मी म्हटलं, "आत कोण कशाला बघतंय? आत तुमचाच पाय असतो." ते "बरा" म्हणाले आणि नारळ ठेवून गेले.

शेवटचे काही महिने फोन आला नाही. पाय आजारी पडला असता तर त्यांनी केला असता. ते स्वतः आजारी होते, म्हणून केला नाही. हे मला नंतर कळलं. एका मंगळवारी सुगंधाबाई एकट्याच खिडकीशी आल्या. केसांत गजरा नव्हता. त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी खिडकीत ठेवलं आणि मला न सांगता कळलं.

"जाताना म्हनाला," त्या म्हणाल्या, "पाय माज्यासंगती जालू नको. सरकारचा हाय. बायला नेऊन दे."

मी इतकी वर्षं त्या खिडकीत बसून माणसांना नियम सांगितले, आणि त्या क्षणी मला एक नियम आठवेना. कसंबसं म्हटलं, "सुगंधाबाई, सरकार पाय परत नाही घेत. हा त्यांच्या मापाचा होता. दुसऱ्या कुणाला बसणार नाही."

"मंग मी काय करू ह्याचा?"

काही सुचलं नाही की हाताला काम द्यायचं, ही माझी सवय. मी पाय जवळ घेतला, नंबर बघितल्यासारखं केलं आणि वरच्या पोकळ भागात बसवलेलं नरम अस्तर ओढून बाहेर काढलं. आतली बाजू उजेडाला आली. तिथे, जिथे नाखव्यांचा तुटलेला पाय रोज टेकत असे, पांढऱ्या रंगात, थरथरत्या हाताने, पेंटरच्या नव्हे तर स्वतःच्याच, एक शब्द लिहिला होता. अस्तर दर वेळी सामंतच बदलत. म्हणजे त्यांनी हे नक्की पाहिलं होतं, आणि ते कुणाला एका शब्दाने बोलले नव्हते.

मी वाचून दाखवायची गरज पडली नाही. सुगंधाबाईंना वाचता येणारा तेवढा एकच शब्द होता. त्या वाकून बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं रडतायत, म्हणून मी खिडकीतून हात बाहेर घातला, तर त्या हसत होत्या. हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"म्हंजी इतकी वर्सां," त्या म्हणाल्या, "मलाच पायाखाली घेऊन चालत व्हता, मेला!"

पदराने तोंड पुसून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता ह्यो बी खरवडायचा काय, बाय?"

"नाही," मी म्हटलं. "आतली बाजू तपासायचा नियम नाही."

त्यांनी अस्तर पुन्हा आत बसवलं, पाय कापडात गुंडाळला, काखेत मारला आणि उरणची एसटी पकडायला निघाल्या. औषधांच्या खोक्यावरून मांजर उठली, ती जुनीच की तिची लेक कोण जाणे, आणि फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली.